कुलूपबाई आणि रस्त्यातली ओळख

आमच्या गल्लीतल्या समुपदेशक बाईंना 'कुलूपबाई' हे नाव मी ठेवलं, असा माझ्यावर आरोप आहे. मी तो नाकारत नाही. माणसं मनातलं गाठोडं घेऊन त्यांच्याकडे जात, जरा हलकी होऊन परत येत. पण गाठोड्यात काय होतं त्याचा बाहेर वाससुद्धा यायचा नाही. दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय ज्यांना अन्न पचत नाही, अशा आम्हा सज्जनांची ही केवढी उपासमार!

त्यांची खोली दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर. जिना एकच, त्यामुळे चढणाऱ्याचा दात दुखतोय की मन, हे ओळखायची सोय नाही. आत जरा तिरप्या ठेवलेल्या दोन खुर्च्या. पहिल्याच भेटीत बाई स्वच्छ सांगत, "इथलं इथेच राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाचे हाल होत असतील किंवा कोर्टाचा आदेश आला, तर मला बोलावं लागेल. तेही लागेल तेवढंच." हे मला कसं ठाऊक? मीही गेलो होतो. कशासाठी ते विचारू नका. बाईंना विचारलंत तरी उपयोग नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. त्यांच्याकडे येणारं माणूस रस्त्यात दिसलं, तर त्या आपणहून ओळख दाखवत नसत. त्याने दाखवली तर ठीक. सोबत कुणी असलं आणि "या कोण?" असं विचारलं, तर बिचाऱ्याची पंचाईत नको.

रीत चांगली, पण एका जागी उसवलेली होती. आणि उसवलेलं दिसलं कुणाला? त्यांच्या नणंदेला. तिचं शिलाईचंच दुकान. त्या दिवशी बाई तिथे आल्या होत्या आणि मीही पँटची कंबर वाढवायला गेलो होतो, हा निव्वळ योगायोग.

"वहिनी," मशीन थांबवून नणंद म्हणाली, "तू बेकरीवाल्याला हसतेस, पोस्टमनला हसतेस, ज्याचं कुत्रं तुला चावलं त्यालासुद्धा हसतेस. मग पाळणाघरवाल्या मावशी दिसल्या की हल्ली चपलेचा पट्टा बघत बसतेस, ते का गं?"

बाईंचा चेहरा उतरला. मी मापाच्या टेपकडे बघत बसलो.

"तुझ्याकडे येतात ना त्या?"

"कोण येतं आणि कोण येत नाही, दोन्ही मी सांगत नाही."

"अगं, नसतील येत तर 'नाही' म्हण. तोंड झिजतंय का?"

"आज एकीसाठी 'नाही' म्हटलं, की उद्या जिच्यासाठी म्हणणार नाही, तिचं 'हो' झालं."

"ते शहाणपण ठेव तुझ्याजवळ. माझी पोर दिवसभर असते त्यांच्याकडे. त्यांचं डोकं ठिकाणावर नसेल तर सोमवारपासून मी पाठवणार नाही. आणि बाकीच्या आयांनाही सांगणार."

शिलाईचं दुकान म्हणजे गल्लीचं तोंड. ते उघडलं की मावशींचं पाळणाघर बंद, आणि त्यांच्या घरची चूल त्यावरच पेटत होती. 'मावशी भल्या आहेत, पोरीला खुशाल पाठव,' एवढं म्हणायचा बाईंना मोह झाला असणार. पण त्या वाक्याच्या पोटातच होकार होता. बाई उठून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी कुणालाही आपणहून ओळख दाखवणं सोडलं. बेकरीवाला हिरमुसला. गल्लीत 'शिष्ट झाली' म्हणून बोभाटा झाला. सासूबाई भर बाजारात ओरडल्या, "अगं, मी तुझ्याकडे उपचाराला येत नाही! मला तरी हाक मार!" बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही मारत जा, आई."

मावशींपासून मात्र त्यांनी काही लपवलं नाही. हे मला पुढे मावशींनीच सांगितलं, आणि इतरांना सांगायचीही मुभा दिली.

"चूक माझी आहे," बाई त्यांना म्हणाल्या. "तुम्हाला जपायला नजर वळवत होते, आणि त्यावरूनच माझ्या घरातल्या माणसाने अंदाज बांधलाय. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं. दुसऱ्या कुणाकडे जावंसं वाटलं तर मी नाव सुचवते. आणि बाहेर काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मावशींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "म्हणजे नणंदबाई! दुसरं कोण? बघते मी."

शुक्रवारी संध्याकाळी नणंद पोरीला न्यायला आली, तेव्हा मावशींनी तिला ओट्यावर बसवलं.

"मी जाते तुझ्या वहिनीकडे. नवरा गेल्यापासून रडू केव्हा फुटेल याचा नेम राहिला नव्हता. पोरांपुढे रडायचं नव्हतं, म्हणून रडायला दुसरी जागा शोधली. आता तुला काय करायचं ते कर. पण विचारायचं ते मला विचार, तिला नको."

नणंदेने वाकून पोरीच्या चपलेचा पट्टा लावला. पोरीचा हात धरून ती गेली. शनिवार-रविवार दुकान उघडं होतं. मी दोन चकरा मारल्या, पण मावशींविषयी चकार शब्द नाही.

सोमवारी सकाळी मावशी दारातच उभ्या होत्या. नणंद पोरीला कडेवर घेऊन आली, नजर जरा खालीच.

"मावशी, हिला सर्दी झालीय. नाक पुसत राहाल ना जरा?"

"दे इकडे," मावशी म्हणाल्या, आणि हात पुढे केले.