अंगठ्याला न कळलेली धार

बाजारात त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. सही तो झोकात करायचा. पण सुरीला धार लागली की नाही, हे पात्यावर अलगद आडवा अंगठा फिरवूनच सांगायचा, म्हणून हे नाव. खाटकांपासून शिंप्यांपर्यंत सगळ्यांची हत्यारं त्याच्या हाताखालून जात.

धार लावायचा जुना दगड झिजून मधे खोलगट झाला, तेव्हा तो हिऱ्याची पूड बसवलेले दगड बघायला हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदारानं दोन दगड पुढ्यात ठेवले. सवयीप्रमाणे न बघताच त्यानं एकावर अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावर.

"दोन्ही सारखेच की. मग किमतीत एवढा फरक कशाला?"

दुकानदार हसला. "काका, फिरकी घेताय होय? एक चांगला भरड आहे, दुसरा रेशमासारखा."

तोही हसला, पण त्यानं पुन्हा अंगठा फिरवला, मग बाकीची बोटं. मधे जाड कापड असावं तसं वाटत होतं. दोन्ही दगड घेऊन तो घरी आला.

स्वयंपाकघरातली सुरी त्यानं आधी भरड दगडावर घासली, मग बारीक दगडावर. एक खरखरत होता, दुसरा नुसता कुजबुजत होता. कानांना कळत होतं, डोळ्यांना दिसत होतं. बोटं तेवढी गप्प. त्यानं धारेवर अंगठा टेकवला. काहीच लागेना, म्हणून जरा दाबला.

"अहो, रक्त," बायको दारातूनच म्हणाली.

ओट्यावर थेंब पडत होते.

"दुखत नाहीये," तो म्हणाला.

तिनं अंगठा घट्ट धरला. "कधीपासून असं होतंय?"

"मुंग्या यायच्या. वाटलं, कामानं येत असतील. तुला सांगायची भीती वाटली."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढली होती. बोटांची जाणीव परत येईलच असं नाही, म्हणाले. आणि पथ्य पाळलं नाही, तर उद्या पायांवर बेतेल.

धंदा त्यानं सोडला नाही. आता तो कागद कापून धार बघतो. खाटीक म्हणतो, काम पूर्वीसारखंच आहे. पण प्रत्येक सुरी खाली ठेवली, की तो बायकोला हाक मारतो, "बघ गं, कुठं लागलं नाही ना?" ती बोटं उलटसुलट करून बघते, "नाही" म्हणते. तरी पुढची सुरी उचलण्याआधी तो बोटं पुन्हा एकदा उजेडात धरून बघतोच.