तळ्यातल्या माशांचे लाल पट्टे

आमच्या अप्पांना दोष अंगावर ओढून घ्यायची भारी हौस. दूध नासलं तरी म्हणायचे, मीच झाकण नीट ठेवलं नसेल. त्यामुळे तळ्यात मासे मेल्याची बातमी आली तेव्हा गुन्हेगार कोण, हे आमच्या घरी लगेच ठरलं.

आम्ही मैसूरचे जुने मराठी रंगारी. देवराज मोहल्ल्यामागच्या गल्लीत घर, परसात रंगाची चूल, आणि उरलेलं रंगाचं पाणी मागच्या गटारात. ते गटार पुढे गावाबाहेरच्या तळ्याला मिळायचं. त्याच आठवड्यात हुणसूरच्या एका व्यापाऱ्याचं काम बिघडलं होतं आणि अप्पांनी हंडाभर गडद लाल पाणी ओतून दिलं होतं. अप्पा तळ्यावर जाऊन आले ते तोंड पाडूनच.

"अंगावर लाल पट्टे आहेत गं त्यांच्या," ते आईला म्हणाले. "अय्यो, माझाच रंग तो."

कोणी त्यांना जाब विचारला नव्हता. तरी त्यांनी चूल विझवली आणि धंदा बंद म्हणून जाहीर केलं. पन्नाशी उलटलेला माणूस कापडदुकानात नोकरी मिळते का विचारत फिरू लागला. आईनं समजावलं, मी भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. दोन घास खाऊन ते ताटावरून उठायचे. मला त्यांचा राग यायचा. खरं तर मी घाबरले होते.

आठवडाभरानं मी चिडून म्हटलं, "अप्पा, रंग पक्का की कच्चा हे तुम्ही ओली पांढरी चिंधी घासून बघता ना? मग माशांनाच का सूट?" मी टोमणा मारला होता. त्यांनी खरंच चिंधी खिशात घातली. मीही मागोमाग गेले.

तळ्यावर एक म्हातारा कोळी मेलेले मासे टोपलीत भरत होता. मासे अजून मरतच होते. अप्पा उकिडवे बसले, एक ताजा मासा उचलला आणि पट्ट्यावर चिंधी घासली. चिंधीला दोन खवले चिकटले, रंग काही लागला नाही.

"बघा!" मी ओरडले.

अप्पांचा चेहरा आणखीच उतरला. "पक्का बसलाय," ते म्हणाले.

कोळी हसायलाच लागला. "स्वामी, इदु बण्ण अल्ला, बले." रंग नव्हे, जाळं. तळ्याचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या जाळ्यात मासा अर्धा अडकतो, धडपडून सुटतो, पण दोरा अंगात रुततो, खवले सोलून निघतात, रक्त साकळतं. मग तो चार-आठ दिवसांनी मरतो. बाकीच्यांचे ओठ फाटलेले होते. ते तळ्यावर नुकत्याच झालेल्या, गळानं मासे धरायच्या शर्यतीतले. वजन होईपर्यंत त्यांना जाळीच्या पिशवीत कोंबून ठेवायचे आणि मग सोडून द्यायचे. शर्यतीच्या दिवशी ते परत पाण्यात सोडले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

"म्हणजे मी नाही?" अप्पांनी तीनदा विचारलं. म्हाताऱ्यानं तीनदा मान हलवली. अप्पा चिखलातच बसले आणि मोठ्यानं हसले. माझा जीव भांड्यात पडला. मेलेल्या माशांच्या मधोमध आम्ही बापलेक हसत होतो. त्याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

त्या दुपारी अप्पांनी तीनदा भात घेतला, सारू मागून मागून प्यायले आणि ढाराढूर झोपले. दुसऱ्या दिवशी चूल पेटली. पण तिच्याआधी ते परसात कुदळ घेऊन खड्डा खणत होते, रंगाच्या पाण्यासाठी.

"आता कशाला?" आई म्हणाली. "तुम्ही नव्हता, गोत्तायितल्ला, कळलं ना?"

"नव्हतो," अप्पा म्हणाले. "पण मी मारले म्हटल्यावर तुम्ही दोघी नुसत्या समजावत होता. असं होणंच शक्य नाही, असं कोणीच म्हणालं नाही. मीसुद्धा नाही."

मी फावडं घेऊन माती ओढायला लागले.