वाकडी कुरडई

आज पाहुण्यांसाठी कुरडया तळायला घेतल्या आणि त्या आंबूस वासानं मला थेट देऊळगाव राजाच्या आमच्या गच्चीवर नेलं.

शाळकरी होते मी. गव्हाचा चीक गरम असतानाच साच्यातून दाबावा लागतो. मी मात्र वाकडी पडलेली प्रत्येक कुरडई गोळा करून पुन्हा साच्यात भरत होते. शेवटी पातेल्यातला चीक थंड होऊन घट्ट झाला. साचा दाबेना. मी रागानं रडले.

आई म्हणाली, "तेलात गेल्यावर कोनती सरळ राह्यते व? काऊन जीव जाळून राह्यली?"

तेव्हा तिचाच राग आला होता.

आजही ताटासाठी एक सरळ कुरडई शोधत बसले, तोवर कढईतल्या करपल्या. वैतागून उरलेल्या वाकड्याच तळून वाढल्या. पाहुण्यांनी बघितलंही नाही, नुसत्या खाल्ल्या.