काशीगावचा 'मेलेला' कांडोळ

"सर, झाड डेड आहे. तुम्ही फक्त सही करा," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

एप्रिलची दुपार. काशीगावात डोंगराच्या पायथ्याशी त्यांची सोसायटी. माझी सही व्हायची होती, पण दोर आणि करवती घेऊन तोडणारे आधीच हजर! झाडाच्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग होणार होतं.

मी झाडं तपासतो. कुठलं जिवंत, कुठलं पडायला आलंय, याचा रिपोर्ट देतो. समोर कांडोळ होता. कोरड्या, खडकाळ रानातलं आपलं झाड. पाणी वाचवायला हा उन्हाळ्यात सगळी पानं गाळतो. त्याची पांढरी साल पापुद्र्यांनी सुटते. सोसायटीच्या तोडणीच्या अर्जात तिलाच 'फंगस' म्हटलं होतं. गेटजवळचे शोभेचे पाम टँकरचं पाणी पिऊनही करपले होते, त्यांच्याबद्दल अर्ज नव्हता.

मी नखाने साल खरवडली. आत हिरवंगार.

"जिवंत आहे."

"मग एक पान तरी दाखवा ना, सर!"

"मेला न्हाय तो," मागून हिराबाई म्हणाल्या. "पाऊस परला का पानां येतील." ही जमीन मूळची त्यांची. बिल्डरला देताना त्यांची एकच अट होती, सासऱ्यांचा कांडोळ तोडायचा नाही. अट तोंडी होती. कमिटीला ती आठवत नव्हती.

"आजी, तुम्ही घरी जा. यातलं तुम्हाला काय कळतंय?" सेक्रेटरी म्हणाले. मला संताप आला. यांना तरी काय कळत होतं?

सेक्रेटरींनी खालच्या फांदीचं लाल, केसाळ फळ धरलं.

"हात लावू नका, त्याची लव टोचते," मी म्हणालो.

"मेलेल्या झाडाला काय घाबरायचं?" त्यांनी फळ दोन्ही हातांनी चुरगाळलं आणि त्याच हातांनी मानेचा घाम पुसला. मेलेल्या झाडाला फळ कसं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

पाच मिनिटांत साहेब शर्टाची बटणं काढून खाजवत होते. तोडणाऱ्यांच्या मुकादमाने शांतपणे दोर गुंडाळला.

"साब, हम नहीं चढ़ेंगे."

हिराबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

कांडोळ वाचला. जूनमध्ये पालवलाही. माझा दोन पानी रिपोर्ट कमिटीने उघडूनही पाहिला नाही. इतक्या वर्षांत एवढं कळलंय, तज्ज्ञाचं कोणी ऐकत नाही, खाजेचं सगळे ऐकतात.

आता बुंध्याशी पाटी आहे, 'झाडाला हात लावू नये.' खाली सही सेक्रेटरींची.