दुसऱ्या भागासाठी धरलेली खुर्ची

सिनेमाचा दुसरा भाग काढणाऱ्या लोकांना मला एकदा समोर बसवून विचारायचं आहे, बापहो, तुम्ही स्वतःचा पहिला भाग पाहिला होता का? खरं सांगा. कारण आम्ही पाहिला होता. आमच्या घरात तो तोंडपाठ होता.

सक्करदऱ्याच्या आमच्या घरून पायी जाता येईल अशा एका जुन्या टॉकीजमध्ये आम्ही तो पाहिला. बाबा, दादा आणि मी. आईला अंधारात बसलं की झोप येते, म्हणून ती कधी येत नाही. तिथे खालच्या खुर्च्यांना नंबर नसायचे, ज्याची जागा त्याने धरायची. दार उघडलं रे उघडलं की बाबा आत घुसायचे आणि खांद्यावरचा दुपट्टा तीन खुर्च्यांवर आडवा टाकायचे. कोणी बसायला आलं की म्हणायचे, "आमचे लोकं येऊन राहिले ना भाऊ." हे लोकं म्हणजे दादा आणि मी, अजून बाहेर समोसे घेत असायचो.

त्या सिनेमात थोरला मुलगा बापाशी भांडून घर सोडतो. गावाच्या वेशीवर येऊन थांबतो, मागे वळून पाहतो आणि पडदा काळा होतो. संपलं! लोकांनी खुर्च्या आपटल्या होत्या. आमच्या घरी पुढची कित्येक वर्षं जेवताना तोच वाद. बाबा म्हणायचे, "येते गा तो परत." दादा म्हणायचा, "काहून येईन? बाप एवढं बोलल्यावर कोण येते?" मी कधी इकडून, कधी तिकडून बोलायची. आई म्हणायची, आधी जेवा.

मग आमच्याच घरात ते घडलं. बाबा विणकर. हातमागाचं काम बंद पडून ते कापडाच्या दुकानात नोकरीला लागले, तरी आजोबांच्या वेळचा माग समोरच्या खोलीत तसाच होता, खाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यासकट. दादाचं लग्न ठरलं, त्याला खोली पाहिजे होती. बाबा उमरेडला नातेवाइकांकडे गेलेले असताना त्याने माग सोडवला, लाकडं देऊन टाकली, खड्डा बुजवून वर चकचकीत फरशी बसवली. विचारलं असतं तर बाबा नाही म्हणाले असते, हे त्याला माहीत होतं. म्हणून विचारलंच नाही. बाबा आले, त्या फरशीवर चपला घालूनच उभे राहिले आणि म्हणाले, "निंघ माह्या घरातून." दादा निघाला. सावनेरला खाणीत लागला, तिथेच खोली केली. त्याच्या लग्नात बाबांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. आईने रडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. दोघंही एकाच मातीचे, हटून बसले ते बसलेच.

आणि अशात दुसऱ्या भागाची जाहिरात आली. तीच वेस, तोच मुलगा, तोच बाप. बाबा एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "वेशीवरचंच पुढचं दाखवते का वं?" मी लगेच दादाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा येऊन राहिले का? मंग माहं बी तिकीट काढ." मी वेडी नाही. सिनेमा पाहून घरं जुळत नाहीत, हे मलाही कळतं. पण माझ्याकडे दुसरा उपायच उरला नव्हता. तो पडद्यावरचा पोरगा घरी परत गेला, तर हे दोघं निदान एकमेकांकडे पाहतील, एवढीच माझी आशा होती.

मॉलमध्ये गेलो. तिथे तिकिटावर नंबर. तरी बाबा पुढे घुसले आणि शेजारच्या खुर्चीवर दुपट्टा टाकला. मी म्हटलं, "बाबा, इथं कोणी बसत नाही आपल्या जागेवर." म्हणाले, "असू दे." जाहिराती चालू असताना दादा आला. सावनेरची बस उशिरा पोचली होती. त्याने दुपट्टा उचलला, घडी करून मांडीवर ठेवला आणि बसला. दोघंही सरळ समोर पाहत होते.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच दृश्यात भिंतीवर बापाचा फोटो. फोटोला हार! बाप मेला. कसा, कधी, काही नाही. वेशीवरून पोरगा मागे फिरला का? तेही नाही. पोरगा थेट परदेशात, काळा चष्मा लावून हेलिकॉप्टरातून उतरतो. मग गोळ्या, मग बर्फात नाच, मग पुन्हा गोळ्या. अरे लाजा वाटू द्या! इतकी वर्षं आम्ही त्या पोराला वेशीवर उभं ठेवलं ते तुमच्या भरवशावर. तुम्हाला फक्त नाव पाहिजे होतं, पोस्टरवर छापायला. बापाचं काय करायचं ते सुचलं नाही, तर भिंतीला टांगून मोकळे झालात. आणि मी, शहाणी, माझ्या म्हाताऱ्या बापाला त्याच्या पोराशेजारी बसवून तो हार दाखवायला घेऊन आले होते. मला रडू येत होतं, ते संतापाचं.

इंटरव्हलनंतर बाबा दादाकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "बापाले काहून मारलं गा यायनं?"

दादा म्हणाला, "आळस बाबा. दुसरं काय."

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, तिसरा भाग लवकरच.

बाहेर पार्किंगमध्ये उन्हाचा नुसता भडका होता. बाबा स्कूटरजवळ थांबले. दादाला पायी बस स्टँडला जायचं होतं. बाबांचा दुपट्टा त्याच्याच खांद्यावर राहिला होता, दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"तिसरा येते म्हणते," बाबा म्हणाले.

"हो, म्हणून राहिले खरे."

"तवा येजो मंग. जागा धरतो मी."

"हो," दादा म्हणाला आणि खरंच निघाला.

माझं टाळकंच सटकलं. "तिसरा गेला खड्ड्यात!" मी ओरडले. गार्ड बघायला लागला, बघू दे. "त्या नालायकांनी तिसरा काढेपर्यंत थांबता का तुम्ही दोघं? दादा, तवा आपल्याही घरी बाप फोटोतच राहीन! हार घेऊन येजो मंग!"

दादा जागच्या जागी थांबला. मला बोलल्याचं जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बाबा बराच वेळ स्कूटरची किल्ली बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तो वेशीवरचा पोरगा आला असता का गा परत?"

दादाने खाली पाहिलं. "आला असता. बापानं एक डाव बोलावलं असतं तं."

बाबांनी त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, स्कूटरच्या तापलेल्या मागच्या सीटवर दुहेरी करून अंथरला आणि म्हणाले, "बस. घरी चाल."