घरी जाताना घ्यायच्या गोळ्या

मी परदेशात नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी तिथल्या दवाखान्यात नर्सने विचारलं, "कुठे जाताय?"

"घरी," मी म्हणालो.

तिने संगणकावर आमचा नंदुरबार जिल्हा शोधला आणि मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. रोज जेवणासोबत एक. परत आल्यावरही सात दिवस.

गावी, धानोऱ्याला, वडील त्याच डासांत वर्षभर झोपतात. त्यांच्यासमोर ही गोळी घ्यायची मला लाज वाटली. मी ती मुठीत लपवून घ्यायचो. चौथ्या दिवशी आबांनी पाहिलंच.

"कसानी गोयी शे रे ती?"

"ताकदनी, आबा."

"मंग माले बी दे ना एक. हाऊ गुडघा कुरकुर करस."

"तुमले नही चालस."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढेही दरवर्षी मी गोळ्या घेऊनच गेलो. या दिवाळीत माझ्या लक्षात आलं, सगळ्यांना चहा आला तरी आबांसमोर कप नसतो. दिवसातून पाच वेळा चहा पिणारा माणूस. वहिनीला चुलीपाशी विचारलं.

"आते दिसनं का तुमले, भाऊजी? तीन वरीस व्हयनात. तुमले मोठं दुखनं शे, तुम्ही सांगत नही, आसं त्यासले वाटस. देवीले नवस बोलनात, पोऱ्या बरा व्हई तव्हयच चहा पिसू."

खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, की आबा, ते औषध तुमच्या घराच्या भीतीने आहे. माझी जीभ वळली नाही. संध्याकाळी ओट्यावर जाऊन म्हणालो, "आबा, मी बरा व्हयनू."

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आत वहिनीला हाक मारली, "वो माय, चहा ठेव! आन साखरनी कंजूषी नको करजो."

बशीत ओतून, डोळे मिटून ते चहा प्यायले. मी समोर बसून पाहत राहिलो.

उरलेले दिवस मी न्हाणीत दार लावून, नळाच्या पाण्यासोबत गोळी घेतली.

परत येऊन आज पाचवा दिवस. एकटाच जेवायला बसलो होतो, तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी कप कॅमेऱ्याजवळ धरला. "पहाय, हाऊ दुसरा कप शे!"

ताटाशेजारची गोळी दिसू नये म्हणून मी फोन जरा वर धरला.