आकाराम मिस्त्री आणि बेटावरच्या बारा खोल्या

आकाराम मिस्त्रींना मी अंदमानात नेलं ते छपरासाठी. पंचगंगेकाठच्या गावातला हा माणूस जन्मभर गुऱ्हाळं बांधत आला. काहिलीत रस उकळत असताना त्यांच्या गुऱ्हाळात उभं राहून बघा, वाफ आत कोंडत नाही. आढ्याशी ठेवलेल्या फटीतून सरळ वर निघून जाते आणि पाऊस मात्र आत येत नाही. ही फट केवढी ठेवायची, कुठल्या अंगाला, हे मिस्त्री नुसते वाऱ्याकडे तोंड करून ठरवायचे. मी पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले, मला ते जमत नव्हतं. कबूल करायला लाज कसली?

काम होतं एका बेटावरच्या रिसॉर्टचं. मालक राजवर्धनदादा, कोल्हापूरचेच, फौंड्रीवाले. त्यांना एसी न लावता थंड राहतील अशा बारा खोल्या हव्या होत्या, त्याही वाळूवर, समुद्राला अगदी खेटून. माझं ऑफिस तेव्हा एका खोलीत चालायचं. हे काम झालं असतं तर माझं नाव झालं असतं, आणि ते मला हवं होतं, भयंकर हवं होतं.

बेटावर पोचलो आणि छप्पर राहिलं बाजूला. पहिल्या दिवशी मिस्त्री किनाऱ्यावर काठ्या रोवत बसले. आमच्याकडं पूर आला की पाण्याच्या कडेला काठी रोवतात, पाणी चढतंय की उतरतंय ते कळायला. मी म्हटलं, "मामा, ही भरती-ओहोटी आहे. हिच्या वेळा छापून मिळतात." ते नुसते हूं म्हणाले आणि आणखी एक काठी रोवली. दुसरा दिवस त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याबरोबर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत हिंडण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी, राजवर्धनदादा समोर असतानाच, म्हणाले, "ताई, खोल्या हितं नकोत. त्या नारळांच्या मागं, चढावर घ्या. हितवर पाणी येऊन गेलंय."

"त्या त्सुनामीला वीस वर्षं झाली की मिस्त्री," दादा हसले. "परत कुठलं यायला लागलंय?"

"मी बी असंच म्हणलतो," मिस्त्री म्हणाले.

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. फार पूर्वीच्या एका पुरानंतर त्यांच्या गावाला माळावर प्लॉट मिळाले होते. मिस्त्रींनी आपल्या प्लॉटवर वैरण रचली, शेणी वाळवल्या आणि राहिले खालीच, नदीजवळ. पुष्कळांनी तेच केलं. २००५ साली पाणी घराच्या पायरीला लागून मागं फिरलं. म्हणून २०१९ ला बायको तीनदा म्हणाली, आता वर जाऊया, तेव्हा यांनी तिला पायरी दाखवली.

"काठ्या रोवत बसलो, ताई. पाणी चढतंय ह्ये दिसत हुतं. तरी बसलो."

होडी आली तोवर दोघं एक दिवस आणि एक रात्र घराच्या माळ्यावर भिजत बसलेली. शहरातल्या शाळेत छावणी होती. तिथं बायकोला ताप भरला आणि आठव्या दिवशी ती गेली.

"हितंच बांधायचं असंल तर दुसरा मिस्त्री बघा," एवढं बोलून ते काठ्या गोळा करायला गेले.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. हातातोंडाशी आलेलं काम हा माणूस घालवतोय, एवढंच दिसत होतं. जेवताना मी विचारलं, "एवढं कळतंय तर मामा, तुम्ही अजून खालच्याच घरात का राहता?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ताटातला भात तसाच ठेवून उठले. ते आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

नकाशा मात्र मी बदलला. खोल्या नारळांच्या मागं, उंच जोत्यावर घेतल्या. दादांनी तो बघितला, घडी घालून परत दिला. "डोंगरातलंच रिसॉर्ट करायचं असतं तर पन्हाळ्याला केलं नसतं व्हय?" काम दुसऱ्या कुणाला गेलं आणि खोल्या वाळूवरच झाल्या. आजवर तिथं पाणी आलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मिस्त्रींना मी चार महिने फोन केला नाही.

फेब्रुवारीत ते आपणहून ऑफिसात आले. कॅरीबॅगेत माळावरच्या प्लॉटचा उतारा होता.

"वर घर बांधायचं हाय. नकाशा काढून द्या."

"कोण कोण राहणार, मामा?"

"मी एकलाच की."

दोन खोल्या काढल्या. आढ्याची फट त्यांनी स्वतः पेन्सिलीनं दाखवली. स्वयंपाकाची खोली काढायला घेतली तेव्हा ते खुर्ची ओढून जवळ आले आणि कागदावर बोट ठेवलं.

"चुलीच्या मागं मोठा झरोका ठेवा, ताई. धुरानं तिच्या डोळ्यास्नी लई पाणी येतंय."

मी झरोका काढला. केवढा ठेवायचा, एवढंच विचारलं.